पहिलं माप

औलू शहरात नोव्हेंबरमध्ये
तीनलाच दिवस मिटतो.
इल्पो केर्ना दिवा लावत नाही,
दोन पडद्यांचा उजेड त्याला पुरतो.

समोर नीलो, चोविशीतला,
बूट दाराशी, पायांत लोकरीचे मोजे.
हेलसिंकीच्या गेम-कंपनीचं पत्र आलंय त्याला:
पगार इथल्या दुप्पट, वर फुकट जेवण.
म्हणतो, "अठरा वर्षं झाली तुला.
खरं सांग, या कामात काही आहे का?"

इल्पो आधी फोन बनवायचा.
तो कारखाना बसला तेव्हा अख्ख्या मजल्याने
एकाच दुपारी खोक्यांत कप भरले.
कुणी टॅक्सी घेतली, कुणी तळ्याकाठी सौना बांधून भाड्याने दिलं.
हा इथे आला,
जीवशास्त्र नववीत सोडलेला माणूस.
ए, सी, जी, टी बघून म्हणाला,
चारच अक्षरं? आठवड्याचं काम आहे.

तो आठवडा अजून चालू आहे.

"काय आहे विचारतोस," इल्पो म्हणतो,
"तर हा प्रोग्रॅम आहे, कुणा विद्यार्थ्याने
पीएचडीच्या शेवटच्या महिन्यात लिहिलेला.
तो आता मधमाश्या पाळतो.
यात एका ओळीवर टीप आहे: हिला हात लावू नका.
मी लावलेला नाही.
जनुकांची नावं तक्त्यात भरलीस
तर तक्ता त्यांच्या तारखा करून टाकतो.
दोन सप्टेंबर नावाचं जनुक
मी तीन निबंधांतून हाकललंय.
त्याच निबंधांच्या तळाशी आभार असतात,
तिथे माझं आडनाव दोनदा चुकलंय."

तिसरी कॉफी.
खाली कुणीतरी सायकलचं कुलूप
बर्फातून खरवडून काढतंय.

"आणि एक फाईल शून्यापासून मोजते,
दुसरी एकापासून.
हे कुणी तुला सांगणार नाही.
कैनूच्या जंगलाकडची एक मुलगी होती, चार वर्षांची.
चालायला शिकली, मग हळूहळू विसरत गेली.
वर्षभर आमची यादी म्हणत होती, काही नाही.
एका रात्री पावणेदोनला दिसलं,
सगळी यादीच एका घराने सरकलेली.
आम्ही वर्षभर शेजारच्या दारावर
टकटक करत होतो."

"मग औषध?"

"औषध कुठलं. नाव मिळालं फक्त.
तिच्या आईने हिल्क्काला फोन केला,
म्हणाली, आता कशावर रागवायचं ते तरी कळलं.
हिल्क्काने मला सांगितलं मशीनपाशी,
दूध संपलंय का, हे विचारता विचारता."

नीलो गप्प.
पत्राचा कागद त्याने इतका दुमडलाय
की आता तो तिकिटाएवढा झालाय.

कोपऱ्यातल्या टेबलावर मी होते.
मला राहवलं नाही.
म्हटलं, आमच्याकडे धान्य मापताना
पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
लाभ, मग दोन, मग तीन.
माप निम्मंच भरलं असलं, दाण्यांत खडे असले
तरी पहिलं माप लाभच.

इल्पोने बराच विचार केला.
"म्हणजे ना शून्य, ना एक," तो म्हणाला.
"वाचणारा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीला पडेल."

मग त्याने वहीत काहीतरी टिपलं.
फिनिशमध्ये असेल, मला वाचता आलं नाही.

नीलो बूट चढवताना म्हणाला, सोमवारी कळवतो.
कुणाला, ते बोलला नाही.
इल्पोची पाठ वळलीसुद्धा होती,
नवी फाईल उघडत होती, एक्केचाळीस लाख ओळींची,
आणि तो हलकेच विचारत होता,
"तू कुठून मोजतेस?"
मला, की फाईलला,
कळलं नाही.